माल्टाच्या स्वस्त पदवीस गोल शिक्का बसल्याची हकीकत

पिरोतच्या डोंगरांवरील तमाम मेंढ्या आणि कारखान्यातील तमाम कढया साक्षी ठेवून हा मजकूर लिहिला असे. राजमान्य ग्रादिमिर पेयचिच, नायब, कचकवाल चीजचा कारखाना, यांणी भर खानावळीत राकिया नामे दारूचा पेला उंच धरून जाहीर केले की, आमची माल्टा बेटावरील व्यवसायशास्त्राची पदवी पृथ्वीच्या पाठीवर कोणत्याही मुलखात चालते, सूर्य उगवतो तेथे चालते आणि मावळतो तेथेही चालते. ऐसे बोलून पेला खाली ठेविला, तों राजधानीच्या दफ्तराचा हुकूम दाखल जाहला की, ही पदवी येथे चालत नाही.

प्रसंग बाका होता. कारखान्याची संचालकाची गादी रिकामी जाहली होती आणि मंडळाचे प्रमुख रिस्ताकाका यांणी ठराव केला होता की, मित्रोव्दानच्या सणाआधी जो सरकारमान्य पदवी मेजावर ठेवील तो गादीवर बसेल, आणि जो न ठेवील त्याने नायब म्हणूनच म्हातारे व्हावे. दुसरे उमेदवार व्लास्तिमिर, खासे रिस्ताकाकांचे जावई. यांची पदवी राजधानीतल्या बड्या विद्यालयाची, तिजला सोनेरी चौकट, आणि तिच्या फीपायी सासऱ्याची आलुबुखाऱ्याची बाग विकली गेली. परंतु कचकवाल उन्हात ठेवू नये, हे त्यांस तेथे कोणी शिकविले नव्हते.

ग्रादिमिरांची पदवी मात्र स्वस्त. पिरोतात कोणी महाग वस्तू घेतली तर यास ताप चढला ऐसे समजून शेजारी सूप पाठवितात. पण अभ्यास खरा केला. दूध तापेतोवर धडे वाचिले, एका हाताने कढई ढवळीत दुसऱ्या हाताने परीक्षा दिली, आणि बाजारपेठेच्या धड्यावरून सरहद्दीपार सोफिया शहरास नवे गिऱ्हाईक जोडिले. आता उणे होते ते एकच. पदवी संगणकावरून आली होती, आणि तिजवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन होता, गोल शिक्का नव्हता. सरकारने शिक्क्याची सक्ती उठविली त्यास जमाना लोटला, परंतु कायदा कागदावर राहिला आणि शिक्का लोकांच्या काळजात.

मग ग्रादिमिर इस्त्री केलेला कोट घालून राजधानीवर चालून गेले आणि दफ्तराच्या खिडकीशी तळ दिला. खिडकीचा कारभार येव्रोसिमाबाई यांजकडे. त्यांणी पदवी उलटी केली, सुलटी केली आणि फर्माविले, "चौकोन आमच्याकडे न्हाणीघराच्या फरशीला असतो. शिक्का गोल असतो."

ग्रादिमिरांनी अदबीने अर्ज केला की, फोन समोर धरिला असता खरे-खोटे तत्क्षणी कळते.

"फोनला काय कळतंय? काल मला म्हणाला पाऊस नाही. हे बघा माझे बूट."

बूट ओले होते. स्वारी माघारी फिरली.

मग माल्टास फोन लाविला. त्या विद्यालयाचे कुलसचिव, परीक्षक आणि पहारेकरी एकच, नाव चेन्सु, आणि कचेरी मावशीच्या बेकरीच्या माडीवर. त्यांणी सर्व ऐकून घेतले आणि हसत म्हणाले, "शिक्का? अहो दादा, असले खर्च केले नाहीत म्हणून तर फी कमी आहे."

मग ग्रादिमिरांनी तजवीज केली की, विद्यालयास शिक्का नसेल तर आपणच एक कोरवून धाडावा, आणि त्यांणी तो उमटवून परत करावा. हे ऐकून त्यांची बायको झागोर्का चुलीपाशी चेपलेले सॉसेज कापीत होती ती थांबली.

"नवा कशाला? कारखान्याचा आहे ना गोल."

"अगं, त्याच्यावर 'अस्सल दुधाचा, चांगला मुरलेला' असं कोरलंय."

"मग त्यात खोटं काय आहे? नायबाच्या खुर्चीत किती वर्षं मुरतोयस तू?"

ग्रादिमिरांनी कारखान्यातून शिक्का आणिला. शिक्का फडक्यात बांधिला, सोबतीस कचकवालचा एक गड्डा दिला आणि माल्टास रवाना केला. चेन्सुंनी चीज खाल्ले, संतोष पावले, आणि पदवी जाड कागदावर छापून तिजवर शिक्का जेथे जेथे जागा दिसली तेथे तेथे मारिला.

ती पदवी घेऊन ग्रादिमिर पुन्हा खिडकीवर धडकले. येव्रोसिमाबाईंनी कागद उजेडाला धरिला, नाकास लाविला, मग अंगठा ओला करून शिक्क्यावर फिरविला. शाई फिसकटली. बाईंचा चेहरा खुलला.

"बघा, याला म्हणतात विद्यापीठ. वाससुद्धा जुना आहे."

आणि तत्काळ मान्यता बहाल केली. शिक्का वाचला कोणीच नाही.

मित्रोव्दानच्या आदले दिवशी मंडळ भरले. व्लास्तिमिरांची सोनेरी चौकट मेजावर आणि तिजशेजारी ग्रादिमिरांचा कागद. रिस्ताकाकांनी चष्मा चढविला, आणि क्षणात त्यांचा रंग उडाला, कारण ज्या शिक्क्याखाली आपला जन्म गेला तो त्यांणी ओळखिला. झागोर्का दारात उभी होती. शिक्का खोटा म्हणावा तर आपल्याच कारखान्याचा, मान्यता खोटी म्हणावी तर राजधानीची. काका व्लास्तिमिरांकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला 'मुरलेला' असं लिहून कोण देणार?"

जावयांनी चौकट बगलेत मारिली आणि काढता पाय घेतला.

येणेप्रमाणे स्वस्त पदवी महाग पदवीस भारी जाहली, ग्रादिमिर गादीनशीन जाहले, सर्वांस राकिया पाजिली आणि पिरोतच्या मानाने पेले बरेच भरले. ही फत्ते सर्वांस ठाऊक असावी म्हणून नमूद केली. नव्या संचालकांचा पहिला हुकूम सुटला की, चीजची गाडी सोफियास रवाना करावी. गाडी सरहद्दीवरून परत आली. चीजवर शिक्का नव्हता, कारण तो माल्टाहून परतलाच नव्हता. माल्टास विचारिले असता चेन्सुंनी कळविले की, शिक्का इतक्यात मोकळा होणार नाही, यंदाचे पदवीधर बाहेर पडत आहेत.