घोरपडे सरांची बर्फाची फाइल

घोरपडे सर कुठल्याही कारखान्यात शिरले की मालकाशी हात मिळवण्याआधी मोटरीवर हात ठेवायचे. आई पोराच्या कपाळाला लावते तसा, उलटा. मालक बिचारा हात पुढे करून उभा, आणि सर डोळे मिटून मोटरीचा ताप बघतायत. मग आम्हां शिकाऊ अधिकाऱ्यांची रांग लावायचे. "लावा हात. आपण येणार म्हणून आत्ता चालू केलीय, का सकाळपासून चालतीय?" मला ते जन्मात कधी कळलं नाही. तारापूरच्या उन्हाळ्यात बंद मोटरसुद्धा तापलेलीच असते, हो. मी दरवेळी "सकाळपासून" म्हणून मोकळी व्हायचे.

आमच्या बँकेचं प्रशिक्षण केंद्र म्हणजे बोईसरच्या शाखेवरच्या दोन खोल्या. धंद्याला कर्ज द्यायचं की नाही हे कसं ठरवायचं, ते सर तिथे शिकवायचे. मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी बदलीवर आले ते इथेच राहिले. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायचे, लाइटबिल भरायचं राहून गेल्यासारखं.

ताळेबंद ते सगळ्यात शेवटी उघडायचे. "कागद नेहमी अंघोळ करून, पावडर लावून येतो," हे त्यांचं पेटंट वाक्य. "तुम्ही घाम कुठाय ते बघा." घाम बघायचा म्हणजे काय, तर दाराशी काढलेल्या चपला मोजायच्या आणि चहावाल्याशी गप्पा मारायच्या. सरावली गावात एका मालकानं चाळीस कामगार सांगितले होते. चहावाला म्हणाला, "साब, नौ चाय जाती है." सर मालकाला अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमचे एकतीस कामगार फारच निर्व्यसनी आहेत." मालकानं पुढचा तासभर आमच्याकडे बघितलं नाही.

शेवटच्या आठवड्यात परीक्षा असायची, आणि दर बॅचला तीच एक फाइल. 'श्री. ह., समुद्रकाठचं गाव, बर्फाचा कारखाना काढण्यासाठी कर्ज हवं.' कागद जुने, टाइप केलेले, झेरॉक्सची झेरॉक्स. माणूस कष्टाळू, जागेचा बयाणा दिलेला, दहा महिने विक्रीचा अंदाज चांगला. पण वर्षातले दोन महिने विक्री शून्य, आणि हप्ता तर दर महिन्याला भरायचा. आलेली प्रत्येक बॅच एकमुखानं लिहायची, कर्ज देऊ नये. गंमत म्हणजे सर उत्तर बरोबर की चूक हे सांगतच नसत. सगळ्यांनी नकार दिला की त्यांची कळी खुलायची आणि ते आख्ख्या बॅचला भजी खाऊ घालायचे. इतर दिवशी कटिंग चहा सांगतानासुद्धा हा माणूस दोनदा विचार करायचा.

आमच्या बॅचमध्ये कोणी लातूरचं, कोणी नागपूरचं, एक तर थेट पाटण्याचा. इथली मी एकटीच. माझं घर इथल्याच पाम गावात. आम्ही मासळीवाले नाही, पण पावसाळ्यात दोन महिने होड्या वर ओढलेल्या असतात आणि घरात सुक्या बोंबलावर भागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. होडी समुद्रात नाही तर बर्फ कोण घेणार? मी लिहून टाकलं, 'धंदा बंद पडत नाही, सुट्टीवर जातो. वर्षाला हप्ते दहाच घ्यावेत, पावसाचे दोन महिने सोडावेत. कर्ज द्यावं.'

सरांनी माझा पेपर वाचला. परत वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. भजी आली नाहीत. बॅच माझ्यावर डाफरली, आणि मला वाटलं, गेली आपली नोकरी.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं.

"ही फाइल खरी आहे गं," ते म्हणाले. "हरेश्वर नावाचा माणूस होता, मुरबे गावचा. मी इथे हिवाळ्यात आलो, उन्हाळ्यात त्याला नकार लिहिला. मी घाटावरचा, समुद्र कॅलेंडरवर बघितलेला. पुढे पावसाळ्यात सातपाटीला गेलो आणि किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या होड्या बघितल्या. तेव्हा कळलं मी काय केलं ते."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? म्हणून दर बॅचला फाइल द्यायचो. ही हुशार पोरं, यांनाही दिसलं नाही की वाटायचं, चला, आपला एवढा दोष नाही." ते थोडं हसले. "तू माझी सोय घालवलीस. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. मुरब्याला नेशील?"

रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून सर निघाले. अंगात इस्त्रीचा शर्ट. हरेश्वरदादा ओटीवर जाळं शिवत बसले होते. सर उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमचं बर्फाच्या कारखान्याचं कर्ज मी नाकारलं होतं. तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती."

दादांनी वर बघितलं.

"तुमीच काय ते? तवा केस होते तुमाला." मग सुई खाली ठेवली. "बायकोची पाटली इकून बयाणा दिलता. तो बुडाला. लय राग आलता. दोन वरसं बँकेच्या रस्त्याला गेलो नाय मी."

सर मान खाली घालून उभेच. मला वाटलं, उगाच आणलं यांना.

"मंग बोटीवर गेलो," दादा म्हणाले. "पोरगी शिकली. चाललंय. बसा ना, उबे काय?" आणि आत बघून हाक मारली, "अगो, दोन ताटं वाड." मग सरांना विचारलं, "घरी कोन कोन हाय?"

"कोणी नाही. एकटाच."

"मंग ऐतवारी हितंच येत जा जेवायला."

सर जेवायला बसले. पापलेटचा काटा कसा काढायचा तेही दादांनीच दाखवलं.

परतताना पाचमार्गचा नाका ओलांडल्यावर सर मागून म्हणाले, "मी त्याला नाही म्हणायच्या आधी तीन महिने त्याचे कागद तपासले होते. त्यानं मला एक कागद मागितला नाही गं."

माझ्या खांद्यावरचा हात काढून त्यांनी चष्मा उतरवला. मी आरशात बघितलं नाही, स्कूटर तेवढी हळू केली.