सत्तावीस कलमांची बोट

"माझ्या बोटीत पाण्याचा एक थेंब जरी शिरला, तर मिशी उतरवून देईन!" चहाचा कप आपटत तपासनीस गरजले.

"मिशी कुठाय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"वाढवीन! आणि मग उतरवीन! पण देईन!"

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेली कामं तपासली, म्हणून निवृत्त झाल्यावरही ते घरीदारी तपासनीसच राहिले. महिन्यापूर्वी त्यांनी एक जुनी वल्ह्यांची बोट घेतली आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला. बायकोने मात्र बजावलं होतं, "रविवारी आई आणि दादा येताहेत. पहिली फेरी सुखरूप झाली तर बोट राहील. नाहीतर सोमवारी विकायची!"

दादा म्हणजे तिचा भाऊ, जहाजावरचा जुना इंजिनिअर. "भाऊजी, बोट म्हणजे फाइल नव्हे हं," एवढंच तो फोनवर म्हणाला, आणि तपासनीसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण टिकोजीराव लागून गेला!

त्यांनी सत्तावीस कलमांची यादी केली. शनिवारभर अंगणात एकेक वस्तू बोटीतून काढली, उजेडात धरली, ठोकली, हुंगलीसुद्धा, आणि मगच यादीत खूण केली. जॅकेटं, शिट्टी, दोर, नांगर, हत्यारांची पेटी, पाणी उपसायची बादली. तळात साचलेलं पाणी काढून टाकायला बोटीला एक भोक होतं, त्याचं रबरी बूचही उपटून भिंगाखाली पाहिलं. कलम नऊ: बूच तपासलं, निर्दोष! मग तपासलेल्या मालाला कुणी हात लावू नये म्हणून बादली बोटीतल्या बाकाला तारेने आवळून आणि पेटीला तार गुंडाळून सील ठोकलं. कारखान्याची रीतच होती तशी.

रविवारी सकाळी चौघं जॅकेटं घालून बोटीत बसले. धक्क्यापासून वीस हात गेले असतील नसतील, तोच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पाय धुवायची सोय छान केलीत हो!"

"काहीतरीच काय, आई! शिंतोडे उडाले असतील."

"घोट्यापर्यंत?"

दादाने खाली पाहिलं आणि ओरडला, "भाऊजी, बादली!"

"बादलीला सील आहे!"

"अहो, तोडा की!"

"तपासलेल्या मालाचं सील असं कुणीही उठून तोडत नाही!"

"मग पक्कड द्या, मी तोडतो!"

"पक्कड पेटीत आहे."

"पेटी उघडा!"

"पेटीलाही सील आहे!" तपासनीस असे खेकसले, जणू सगळा दोष दादाचाच.

दादाने कपाळावर हात मारला आणि वल्ही ओढत बोट मागे वळवली. बायको टोपीने पाणी उपसत होती, सासूबाई रिकाम्या केलेल्या पर्सने. धक्क्याला लागेपर्यंत पाणी पोटऱ्यांवर आलं होतं.

"बूच कुठाय?" दादाने तळ चाचपत विचारलं.

तपासनीसांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यावर लिहिलं होतं: बूच, एक नग, निर्दोष. खाली सही आणि तारीख.

"परत का नाही लावलंत?"

"मी? मी लावू?" तपासनीस लालबुंद झाले. "परत लावणं फिटरचं काम! एकतीस वर्षांत मी एकदासुद्धा..." पण इथे फिटर कुठून येणार होता! त्यांनी पाण्याने भरलेल्या आपल्या बोटीकडे पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "उद्या विकणार का गं?"

बायकोने भिजली टोपी पिळली. "बोट कशाला विकू? बोटीत काय दोष आहे?" तिने यादी ओढून घेतली, खाली एक ओळ खरडली आणि ती परत त्यांच्या हातात कोंबली. दादाने बोटीतलं पाणी काढलं, बूच ठोकून बसवलं, आणि तिघं पुन्हा निघाली. खुशाल! बोटीच्या मालकाला मागे ठेवून!

"हा अन्याय आहे!" तपासनीस धक्क्यावरून ओरडले. "बोट माझी! यादी माझी!"

लांबून सासूबाईंनी हात हलवला. "आता पाय अगदी कोरडे हो, जावईबापू!"

तपासनीसांनी रागारागाने यादी उघडली. कलम अठ्ठावीस: तपासनीस काठावर ठेवला.

त्यांनी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. काठावर तर होतेच. खोटं कसं म्हणणार? पेन्सिल काढून त्यांनी मुकाट्याने खूण केली, आणि वरच्या ओठावरून हात फिरवला. आता मिशी वाढवणं आलं!