वालूरचा म्हणजे नेमका कुठला?

"आठ दिवस द्या. संस्थेचा इतिहास तुमच्या हातावर ठेवतो!" असं रामलिंगअप्पा भर बैठकीत बोलून गेले, आणि अध्यक्ष किशनरावांनी लगेच चहा मागवून विषय मिटवून टाकला. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला बारा घरांचा इतिहास तो काय जड! अख्खं पानिपत त्यांनी दोन तासिकांत उरकलेलं होतं.

वालूरची निवारा संस्था होतीही तशी आटोपशीर. पस्तीस वर्षांपूर्वी अतिवृष्टीत मातीची घरं बसली, तेव्हा गावातल्या पाच दुकानदारांनी मिळून बारा पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि निराधारांना फुकट राहायला दिल्या. झाला इतिहास! तो पाऊण पानात संपला. संस्थेच्या छापायच्या स्मरणिकेत मात्र अप्पांसाठी चार पानं राखून ठेवलेली.

मग अप्पा इतिवृत्ताच्या जुन्या वहीत शिरले. दुसऱ्याच पानावर ठराव सापडला : 'घरे फक्त वालूरच्याच माणसांस द्यावीत.' अप्पांमधला मास्तर खडबडून जागा झाला. वालूरचा म्हणजे कोण, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं! त्यांनी व्याख्या स्वतःच करून टाकली : 'ज्याचा जन्म वालुरात झाला, तो वालूरचा.' त्यावर अडीच पानं सहज भरली.

रविवारी सकाळी संस्थेच्या आवारात त्यांनी तो इतिहास खड्या आवाजात वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक नंबरच्या घरातली म्हातारी गौराबाई तेवढी टाळी न वाजवता उठून आत गेली.

दुपारी अप्पा जेवून आडवे होतात न होतात, तोच अंगणात पितळी हंडा आदळला. बघतात तर हंड्याशेजारी बोचकं, आणि बोचक्यावर गौराबाई!

"काय झालं, गौराबाई?"

"काय व्हायचंय? घर सोडलं. माझा जलम राणीसावरगावचा. तुमीच वाचलं की सकाळी."

"अहो, तुम्हाला कोण बाहेर काढतंय?"

"तुमचा कागदच काढायलाय की! तीस वर्सं इमानानं ऱ्हायले. आता चोरावानी कशाला ऱ्हाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून अप्पा जास्तच घाबरले.

तासाभरात आणखी आठ बायका बोचकी घेऊन आल्या. सगळ्या विधवा, सगळ्या लग्न होऊन वालुरात आलेल्या. म्हणजे जन्म एकीचाही इथला नाही! एकीनं तर शेळीही आणली. अंगणाचा आठवडी बाजार झाला. अप्पांच्या पत्नी अंबिकाबाई बाहेर आल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत वळल्या.

"तू कुठं निघालीस?"

"पेटी भरायला. माझं माहेर सेलूचं. मी तरी कुठं तुमच्या गावची हाय?"

अप्पांनी किशनरावांना फोन लावला. ते तावातावानं आले.

"अप्पा, लेकीसुनांचं सोडा हो! नियम पुरुषांना लावा. आमी तर पिढ्यान्‌पिढ्या इथले!"

गौराबाईनं मान वर केली. "किसनराव, तुमी घरातले थोरले ना? पयलं बाळतपण माहेरात असतंय. तुमची माय येलदरीची. तुमाला टोपड्यात गुंडाळून बैलगाडीतून इथं आणलं, तवा तुमच्यावरून भाकरीचा तुकडा मीच ओवाळून टाकला व्हता!"

किशनरावांचा चेहरा पंक्चर झाल्यासारखा दिसायला लागला. अप्पांनी मनातल्या मनात हजेरी घेतली. संस्था काढणारे पाचही जण थोरले, पाचही आजोळी जन्मलेले. आणि खुद्द अप्पा? तेही थोरले, जन्म परभणीला मामाच्या घरी! व्याख्येत बसणारा अस्सल वालूरकर त्यांना एकच आठवत होता : किशनरावांचा धाकटा भाऊ सूर्यभान. तो वीस वर्षांपासून पुण्याला राहत होता.

"मग गौराबाई, गावचं कोण?" अप्पांनी विचारलं. एवढा मऊ आवाज त्यांनी शाळेत कधी काढला नव्हता.

"ज्याच्यासंगं गावात कुणीतरी भांडलेलं हाय, ते गावचं," गौराबाई म्हणाली. "पाव्हण्याला समदेच च्या पाजतेत, गुरुजी. त्याच्यासंगं कोण भांडतंय? मी सासरी येऊन म्हैना झाला न्हाई, तर हिरीवर तिघींनी माझी घागर उपडी केली. लय रडले. पर तवापासून मी इथलीच!"

आधी बायका हसल्या, मग किशनराव. अप्पांनी अडीच पानं टराटरा फाडली आणि गौराबाईचं वाक्य लिहून घेतलं. किशनरावांनी तिथंच, अंगणात उभ्या उभ्या ते मंजूर केलं. संध्याकाळी अप्पा डोक्यावर हंडा घेऊन एक नंबरच्या घराकडं निघाले. मागून अध्यक्ष शेळी ओढत येत होते.

दोन महिन्यांनी सात नंबरचं घर रिकामं झालं. पाच अर्ज आले. नव्या नियमाप्रमाणे अर्जात एक रकाना होता : 'गावात कोणाशी भांडण झाले आहे?' चौघांनी त्यात एकच नाव लिहिलं होतं : रामलिंगअप्पा.

पाचव्या बाईला लिहिता येत नव्हतं. तिचा अर्ज अंबिकाबाईंनी लिहून दिला होता. नाव तेच होतं, पण त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.