बिनचहाची सकाळ आणि बेपत्ता डबा

जगात डोळे असलेली माणसं पुष्कळ, पण नजर असलेला मी एकटाच, असं टॉर्चवाल्यांचं स्वतःबद्दल अत्यंत विनम्र मत होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देवाने त्यांना गुप्तहेर म्हणूनच खाली पाठवलं होतं. वाटेत कुठेतरी कागदपत्रांचा घोटाळा झाला आणि ते घरोघरचे विजेचे मीटर वाचायच्या कामाला लागले. जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायची सवय अंगात इतकी मुरली होती, की घरात लख्ख ऊन असतानाही ते टॉर्च मारून मोजे शोधत. मोजे बायकोला सापडत. श्रेय टॉर्चला जाई.

ही बायको म्हणजे त्यांची सहायक. नेमणूक लग्नाबरोबरच झालेली, राजीनाम्याची सोय नव्हती. ती दातांच्या दवाखान्यात नंबर द्यायला बसायची, आणि तिथे तिला एक कळलं होतं: आपण गप्प बसलो की समोरचा माणूस सगळं आपणहून सांगतो. नवरा तर न थांबता सांगायचा, त्यामुळे तिला सराव भरपूर होता.

तर या घरात एक रीत होती. मोठ्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी टॉर्चवाल्यांनी लपवलेला टॉफ्यांचा पत्र्याचा डबा मुलांनी शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत घरात कुणालाही चहा नाही. मुलं लहान होती तेव्हा उजाडायच्या आत पलंगाखाली शिरायची आणि धुळीने माखून बाहेर यायची. आता लेक वसतिगृहातून सुट्टीपुरती पाहुणी यायची, आणि धाकट्याला पलंगाखाली घालायचं तर आधी त्याची घडी करावी लागली असती.

"पोरांनी कंटाळा केला, तर हे यंदा शेवटचं," टॉर्चवाले आदल्या संध्याकाळी बायकोला म्हणाले होते. "मला काय, काही फरक पडत नाही."

या फरक न पडणाऱ्या माणसाने त्यासाठी रजा टाकली होती आणि टॉर्चमध्ये नवे सेल घातले होते. बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता नुसतं "हं" केलं.

सकाळी दोन्ही मुलं उठली, हेच मोठे उपकार. लेकीला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं, धाकट्याची मॅच होती. दोघांनी एक डोळा मोबाइलवर ठेवला आणि उरलेल्या डोळ्याने घर शोधलं. लेकीने सोफ्याची उशी उचलली आणि सन्मानाने परत ठेवली. धाकट्याने फ्रीज उघडला, दोन केळी खाल्ली आणि डबा इथे नाही असं जाहीर केलं. अखेर टॉर्चवाल्यांनाच राहवेना. थोडा इशारा द्यावा म्हणून ते सूचक खोकत चपलांच्या कपाटाशी गेले आणि आपल्या जुन्या गमबुटात त्यांनी सहज हात घातला. खोकला थांबला. गमबूट रिकामा होता.

"घराबाहेर कुणीही जायचं नाही," ते म्हणाले. सकाळपासून प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

पहिला संशय परक्या चोरावर गेला. टीव्हीला हात न लावता फक्त टॉफ्या नेतो, म्हणजे तो सराईत असणार. पुरावाही लगेच मिळाला: सोफ्यामागे पांढरी पूड. टॉर्चवाल्यांनी तिच्यावर प्रकाश टाकला आणि निदान केलं, की ही लांबच्या रस्त्यावरची धूळ असून चोर चालत आला आहे, शिवाय डाव्या पायाने लंगडतो. ती मुंग्यांची पावडर आहे आणि पहाटे आपणच टाकली, हे सांगायला बायकोने तोंड उघडलं. टॉर्चवाल्यांनी हात वर केला. सहायकाने मध्ये बोलायचं नसतं. तिने तोंड मिटलं.

मग संशय खालच्या मजल्यावरच्या शिंप्यावर गेला, कारण तो हल्ली फार हसून बोलत होता. त्यानंतर मांजरावर. मांजराला डब्याचं झाकण उघडता येत नाही, असं धाकटा म्हणाला. म्हणूनच तर त्याने अख्खा डबा नेला, असं टॉर्चवाले म्हणाले.

सिनेमाची वेळ जवळ आली तसा लेकीचा धीर सुटत चालला. टॉर्चवाल्यांनी मुलांना स्वयंपाकघरात उन्हात बसवलं आणि आळीपाळीने तोंडावर टॉर्च मारली. धाकटा आधी फुटला. काल बूट काढताना त्याला गमबुटातला डबा दिसला होता. इतकी सोपी जागा बघून ताई नाराज होईल, म्हणून त्याने तो कपाटावर ठेवला.

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. तिला डबा कपाटावर दिसला होता. छोट्या आता ताडमाड वाढलाय, त्याला हा उभ्या उभ्या दिसेल, त्याची मजा जाईल, म्हणून तिने तो सोफ्यामागे सरकवला होता.

"म्हणजे तू माझ्यासाठी खेळतोस?" तिने विचारलं.

"मला वाटलं तुलाच आवडतं. मी तर केव्हाच..." धाकटा थांबला.

दोघांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, की ते तर निव्वळ मुलांसाठीच करत होते. मग त्यांनी टॉर्च बंद केली, आणि सेल जपून वापरावेत असं काहीतरी पुटपुटले.

बायकोने ते बघितलं. तिने ओट्याशेजारच्या भांड्यांच्या जाळीकडेही बघितलं. सोफ्यामागे मुंग्या लागलेला डबा तिने पहाटे रिकामा करून घासला होता आणि तिथे पालथा घातला होता. सकाळपासून तो चौघांच्या डोळ्यांसमोर निथळत होता. एक शब्द बोलली असती तर प्रकरण मिटलं असतं. प्रकरण, सुट्टीची सकाळ आणि ती रीत, सगळंच. ती गप्प बसली.

लेक उठली. "ते सगळं ठीक आहे, बाबा. पण सोफ्यामागे तर नुसती पूड आहे. मग डबा आहे कुठे?"

हे आता खरोखरच त्या तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं.

मग मात्र घराची दाणादाण उडाली. गाद्या उलटल्या. लेकीचा फोन दोनदा वाजून गप्प झाला. धाकट्याने मॅचला येत नाही म्हणून कळवलं आणि खरंच पलंगाखाली शिरला; त्याचे पाय बाहेर राहिले आणि लेकीने ते ओढून त्याला बाहेर काढलं. टॉर्चवाले जाळीला टेकून, कोपर नेमकं डब्यावर ठेवून, दोघांना शास्त्रशुद्ध सूचना देत होते.

दुपारी धाकटा पाणी प्यायला आला. पेला घेताना त्याने वडिलांचं कोपर बाजूला केलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, हा कुठला डबा?"

त्याला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून पहाटे आपणच तो घासून ठेवला, असं बायकोने सांगितलं. मुंग्यांवर आपल्याला सुरुवातीपासूनच संशय होता, असं टॉर्चवाल्यांनी जाहीर केलं.

"आई, तू बोलली का नाहीस?" लेक म्हणाली.

"माझी चौकशी कुठे झाली?"

तिने फ्रीजमधून टॉफ्यांचं पातेलं काढलं. तेव्हा तिच्याकडून कळलं, की या टॉफ्या गेल्या वर्षीच्याच होत्या, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्याही. शोधायची सगळ्यांना आवड, खात कुणीच नव्हतं. आज चौघांनी एकेक तोंडात टाकली. टॉर्चवाले तपासाचा समारोप करायला उभे राहिले, तोच त्यांचे दात एकमेकांना चिकटले, आणि घराला समारोपाशिवायच समाधान मानावं लागलं.

बायकोने चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात लेकीने रिकामा डबा उचलला. "डोळे मिटा. बाबा, तुम्हीसुद्धा. या वेळी तुम्ही शोधायचं."

नियम म्हणजे नियम. बायकोने गॅस बंद केला. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. टॉर्चवाल्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट धरले आणि बोटांच्या फटीतून लेक कुठे जाते ते बघत राहिले.

बायकोने मात्र लेकीकडे पाठ फिरवली आणि डोळे मिटले.