वैजनाथचं ओरिजनल

या, बसा असं जवळ. मिरजगावच्या वैजनाथची गोष्ट सांगतो. अशी गंमत टीव्हीवर बी बघितली नसंल तुमी!

बारा वर्षं खांबावर चढून केबल जोडनारा हा गडी, एकदम साहेब झाला. 'कार्यक्रम प्रमुख' असं कार्डच छापलं पठ्ठ्यानं! केबलचे मालक आबासाहेब त्याला म्हनालेले, लोकं मोबाईलात घुसली, आपलं गावचं चॅनल कुनी बघंना. तू काहीतरी बनव. रविवारी अकराला मी घरोघर हिंडनार. टीव्ही चालू दिसले तर तू साहेब, न्हाईतर परत खांबावर.

वैजनाथ टम्म फुगला. बायको चांगुणा सासू, ऑफिसातला भीमा मिशी काढून सून आनि भांडनाला एक शेळी, अशी मालिका त्यानं केली. कुनाची नक्कल न्हाई, ह्याची लई ऐट. मग टेम्पोवर भोंगा लावून गावभर पुकारलं, "रविवारी अकराला, केबल ऑफिसतर्फे, संपूर्ण ओरिजनल! झेरॉक्स न्हाई! घरातल्या सगळ्यांनी हजर राहावं!"

रविवारी नवालाच कडूबाई ऑफिसच्या दारात. पिशवीत आधार, रेशनकार्ड, सातबारा, सगळं ओरिजनल.

"अवो मावशी, सिरियल हाय ती."

"सिरियल नंबर व्हय? मग माझा एक नंबर लिव्ह."

तिच्या मागं रांग लागली ती पार एसटी स्टँडापर्यंत! आक्काबाईनं तर सासूचा मृत्यूचा दाखला बी आनलेला. वैजनाथ हात जोडून सांगतोय, घरी जा, टीव्ही लावा. लोकांना वाटलं, आपल्याला घालवून हा योजनेत पावन्यांचे नंबर लावनार. कुनी तसूभर हललं न्हाई.

अकराला पाच कमी! वैजनाथनं ऑफिसातला टीव्ही उचलून खिडकीत ठेवला. मालिका लागली, शेळीनं भीमाचा पदर खाल्ला आनि अख्खी रांग पोट धरून हसाय लागली. वैजनाथ तर हवेतच!

तेवढ्यात आबासाहेब आले, घामानं निथळत. गावात घराघराला कुलूप. एकट्या आक्काबाईचा टीव्ही चालू राहिल्याला, समोर तिची शेळी रवंथ करत बघतीय.

"मालक, अख्ख्या रांगंनं बघितलं."

"रांगंला कनेक्शन हाय का, वैजनाथ?"

खिडकीतनं कडूबाईनं पिशवी आत सारली. "बघून झालं बाबा. आता शिक्का कुठं मारतोस?"

तवा एक करा. मिरजगावावनं जाताना खांबावर कुनी लोंबकळताना दिसला, तर खालनं त्याला तेवढं 'साहेब' म्हना. कार्ड अजून खिशात हाय त्याच्या.