मिनाहोरीच्या बिनडाग बेबी सीट

लहान मुलांच्या सुरक्षिततेबाबत जगात कुठेही दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते मूल गाडीत बसल्यावर. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिनाहोरी गावाने हे मतभेद कायमचे मिटवले. त्याचं श्रेय तिथल्या बालप्रवास सुरक्षा समितीला आणि तिचे अध्यक्ष मोरिवाकी यांना द्यावंच लागेल. मोरिवाकी निवृत्त पोस्टमास्तर. उभ्या नोकरीत त्यांनी एकही पाकीट चुरगळू दिलं नव्हतं. (पाकिटं वेळेवर पोचली की नाही, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.)

वाहतूक सुरक्षा सप्ताहात समितीचं काम डोळ्यांत भरे. चौकात तंबू लागे, ज्येष्ठ मंडळी पिवळे झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहत, बालवाडीची पोरं ढोल बडवत. 'बाळ सीटमध्ये, आईचा जीव भांड्यात' असं छापलेली कागदी रुमालांची पाकिटं येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटली जात. (गावातली वाहती नाकं कमी झाल्याची नोंद अहवालात आहे.)

पण समितीचं खरं वैभव म्हणजे बारा बेबी सीट. गावातल्या कुठल्याही कुटुंबाने मागावी आणि मूल दोन वर्षांचं होईपर्यंत फुकट वापरावी. आता मिनाहोरीत उसनी आणलेली वस्तू नेली तशी परत करणं हा उद्धटपणा समजतात. ती नेली त्याहून चकाचक परत करायची आणि सोबत गोड वड्यांचा डबा द्यायचा. उपाध्यक्षा निशिओकाबाई पांढरे हातमोजे घालून परत आलेली प्रत्येक सीट तपासत, शिवणीत बोट घालत, शेवटी वास घेत. डाग सापडला तर त्या काहीही बोलत नसत. फक्त "अरेच्चा" म्हणत, आणि तेवढ्यावर ते कुटुंब पुढची दोन वर्षं मान खाली घालून भाजी आणायला जाई.

यातून गावकऱ्यांनी अत्यंत तर्कशुद्ध मार्ग काढला. सीट खराब होते ती मुलामुळे. म्हणून मूल आणि सीट यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं. सीट प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कपाटात, मूल आजीच्या मांडीवर. समितीच्या पाहणीनुसार आजवर सीट नेलेली नव्याण्णव टक्के कुटुंबं सीटबाबत पूर्ण समाधानी होती. उरलेला एक टक्का म्हणजे अध्यक्षांची स्वतःची सून, चिनात्सु.

चिनात्सुने वेष्टन फाडलं. तिने सीट गाडीच्या मागच्या बाकावर घट्ट बसवली आणि तिच्यात अकरा महिन्यांच्या लेकाला, इबुकीला बसवलं, तेही रोज. मोरिवाकींनी हे पाहिलं आणि ते बागेत गवत उपटत बसले.

मग एका सकाळी बाजारातून येताना समोर सायकल आली. चिनात्सुने गाडी वळवली आणि ती लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीचं तोंड चेपलं. इबुकी सीटमध्ये जागच्या जागी होता. त्याने घाबरून भोकाड पसरलं आणि सकाळचा नाश्ता बाहेर काढला, बस्स. मोरिवाकींनी नातवाला छातीशी धरलं. या पोराला काही झालं असतं तर आपण जगलो नसतो, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं.

त्यानंतर समितीची तातडीची बैठक भरली. विषय एकच: डाग.

सीट मोरिवाकींच्या गाडीतून आली, व्यवस्थित पट्टा लावून. इबुकीला पाठीवर घेऊन त्याची आई चालत आली.

"अरेच्चा," निशिओकाबाई म्हणाल्या. "हे काय आहे?"

"रताळं," चिनात्सु म्हणाली.

"आणि हे?"

"तेही रताळंच. खाऊन झाल्यावरचं."

मोरिवाकी उठले आणि घराण्याच्या वतीने कमरेत वाकून त्यांनी क्षमा मागितली.

"अहो बाबा, माफी कसली मागताय?" चिनात्सु म्हणाली. "एकदा धडक बसलेली सीट परत वापरायची नसते. ही टाकून द्या आणि मला दुसरी द्या. इबुकीला घरी न्यायचंय."

"दुसरी?" निशिओकाबाईंनी हातमोजे काढले. "पोरी, पहिलीचं काय केलंस ते बघ की!"

चर्चा सखोल झाली. डाग मुलांमुळे पडतात, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. त्यामुळे यापुढे सीट देताना घरात लहान मूल नसलेल्या कुटुंबांना प्राधान्य द्यावं, असा ठराव आला. मूल असेलच तर त्याच्या आजीने मांडीची हमी द्यावी, अशी दुरुस्ती सुचवण्यात आली. ठराव एकमताने मंजूर झाला. मोरिवाकींचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. चिनात्सुचा अर्ज नामंजूर झाला आणि उरलेल्या अकरा सीट कोठीत आणि कपाटांत सुरक्षित राहिल्या.

बाहेर वारा सुटला होता. मोरिवाकींनी गाडीचं दार उघडलं.

"ये गं, बस. तू चालव, मी घेतो त्याला मांडीवर. घट्ट धरीन. माझा नातू आहे, मी सोडीन होय त्याला?"

"बाबा, त्या दिवशी शेजारच्या सीटवर एक लाल भोपळा होता," चिनात्सु म्हणाली. "समोरच्या काचेवर जाऊन फुटला. इबुकीच्या निम्म्याहून हलका होता तो."

चिनात्सुने इबुकीची टोपी नीट केली, त्याला पाठीशी आवळून बांधलं आणि ती चालू लागली. अध्यक्षांनी गाडीचं दार लावलं आणि तेही तिच्या मागून पायी निघाले. वाटेत ओळखीच्या सात गाड्या थांबल्या. "बसा की, पोराला मांडीवर घेऊ," असं प्रत्येकाने प्रेमाने सांगितलं.

वाचकहो, या परक्या माणसांना हसायला काहीच हरकत नाही. फक्त हळू हसा. पुढच्या सीटवर तुमच्या मांडीत झोपलेलं बाळ जागं होईल, आणि गाडी आत्ता कुठे ऐंशीच्या वर गेली आहे.