राजव्वाचा पाक

राजव्वाच्या स्टोव्हवर गुळाचा पाक असला की कुणी बोललेलं तिला खपत नसे. तिच्या घरात नव्हे हं, अख्ख्या गल्लीत! भाजीवाला असो की बोहारीण, तिच्या दारातून आधी पळी बाहेर यायची आणि पाठोपाठ आवाज, "गप! पाक आहे!" चहूकडे आमची लिंबायत वस्ती कापडाच्या लूमच्या खडखडाटानं दणाणत असायची, त्याचं तिला काही नाही. पाक बिघडायचा तो फक्त माणसांच्या बोलण्यानं.

एकदा आमचे गुजराती घरमालक छगनकाका नळाचं काहीतरी सांगायला आले. "राजव्वाबेन, आ नळ..." एवढंच बोलले असतील, तिनं त्यांच्या हातात पळीच दिली. "हलवा. एकाच बाजूनं हलवा. पाक कुणासाठी थांबत नाही." बिचारे धोतराच्या सोग्यानं घाम पुसत हलवत बसले आणि जाताना तळलेले गरम अरसे घेऊन खुशीत गेले. नळाचं काय ते त्यांना आठवलं नाही, आणि आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. राजव्वा आमच्या समोरच्या खोलीत राहायची. माणसं वरंगलकडची, नवरा लूमवर. तिच्या तेलुगूत अरिसेलू, आमच्या गल्लीत अरसे. भिजवलेल्या तांदळाचं ओलसर पीठ गुळाच्या पाकात घालायचं, दुधाच्या पिशवीवर थापायचं, तेलात सोडायचं आणि अरसा बाहेर काढला की दोन लाकडी फळ्यांत दाबून तेल गाळायचं. फळ्या मोडक्या लूमच्या, नवऱ्याकडून घासून घासून गुळगुळीत करून घेतलेल्या.

माझ्या सासूबाई धुळ्याकडच्या. जीभ अशी की मिरचीनं पाणी मागावं. त्यांनी पहिला अरसा खाल्ला आणि जाहीर केलं, "हाऊ ते अनारसाच शे! घाईमा करेल!"

राजव्वा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमचा अनारसा आळशी आहे, आजी. पीठ डब्यात झोपतं दिवसच्या दिवस. माझा अरसा आज दळला, आज तळला!"

तेव्हापासून दोघींचं दर आठवड्याला भांडण. भांडून झालं की सासूबाई उरलेला अरसा पदराखाली घालून घरी आणायच्या. "पाहू दे, उद्या नरम ऱ्हास का," म्हणायच्या. उद्यापर्यंत तो कधी उरलाच नाही.

राजव्वाच्या लोकांत एक गोड रीत आहे. मूल पावलं टाकायला लागलं की अरसे मांडायचे आणि त्याला त्यांच्यावरून चालवायचं. आधी गल्लीतल्या तेलुगू घरांत व्हायचं, मग आम्हा खानदेशी बायकांनीही उचललं. आमच्या गल्लीत राजव्वाच्या अरशांवर पाय पडल्याशिवाय मूल चालायला लागलं असं कुणी मानतच नसे. पण एक होतं. डबा यायचा, राजव्वा यायची नाही. बोलावलं की ठरलेलं उत्तर, "स्टोव्हवर पाक आहे. तुम्ही करून घ्या."

माझी दिपू चालायला लागली तेव्हा मी हट्टालाच पेटले. दिपू दिवसभर राजव्वाच्या उंबऱ्यात वाढलेली, माझ्यापेक्षा तिच्या हातचा भात जास्त खाल्लेली. हिच्या वेळी राजव्वा आलीच पाहिजे!

"पाक आदल्या दिवशी करा ना," मी म्हटलं.

"शिळा अरसा बाळाच्या पायाखाली? छी!"

"मग सकाळी करा. मी कार्यक्रम संध्याकाळी ठेवते."

"संध्याकाळी दुसरा पाक आहे."

"कुणाचा?"

"आहे एकाचा."

"अहो, हा पाक आहे की तुमची सासू?" मी वैतागून म्हटलं. ती हसली, पण हो काही म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी बायका जमल्या, डबा आला, राजव्वा नाही. मी स्वयंपाकघरात येऊन चरफडले. सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अवं येडी, तिले पोर नही. कोन्ही काही बोलाले नको, म्हणीसन येत नही ती."

वांझेची नजर लागते म्हणणाऱ्या बायका त्या घटकेला माझ्याच घरात बसून चहा पीत होत्या. सासूबाईंनी पदर खोचला, दिपूला कडेवर घेतलं आणि अरशांचं ताट माझ्या हातात दिलं. "चाल."

आम्ही निघालो तशा सगळ्या बायकाही मागोमाग आल्या. राजव्वा भिंतीला टेकून नुसतीच बसली होती. आम्हाला बघून तिनं धडपडून पळी उचलली. "पाक आहे..."

स्टोव्ह गार पडला होता. वर पातेलंसुद्धा नव्हतं. सासूबाईंनी स्टोव्हकडे नीट बघितलं. आता ही बाई काय बोलते म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

"हा, शे पाक, दिसना माले," सासूबाई खाली बसत म्हणाल्या. "चालू दे तुना पाक. आमी आठेच बसतस."

त्यांनी तिथंच फरशीवर अरसे मांडले, दिपूला उभं केलं आणि तिचा हात राजव्वाच्या हातात दिला. "धर. पडी जाई पोर."

दिपूनं पहिल्या अरशावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला आणि तिसऱ्यावर बसकण मारली. बायका खो खो हसल्या. राजव्वा हसली नाही. तिनं वाकून पहिला अरसा उचलला आणि उजेडात धरला.

"मोडला नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, पायाखाली चुरा होत असेल." मग अजून जवळ नेऊन बघितलं. "बोटं उमटली आहेत हो. सगळी बोटं!"

इतक्या वर्षांत हे तिला सांगायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. मला रडूच आलं. राजव्वानं तो अरसा कुणाला खाऊ दिला नाही. तो पदरात गुंडाळला, दिपूला मांडीवर ओढलं आणि तिच्या तेलकट तळव्याचे पटापट पापे घेतले.